उसना नकार

कीथली. लिहितात वेगळं, म्हणतात वेगळं.
अकरा वर्षं मी या गावात हिशेब तपासते,
मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

नोव्हेंबरातला गुरुवार. ग्रंथालयाच्या वरची खोली.
विषय एकच : गिरणीमागचा जुना पोहण्याचा तलाव
बंद करायचा, की करायचाच.
बॉयलर एकोणीसशे एकसष्टचा,
छताखाली बादल्या मांडलेल्या.
तोट्याचा तक्ता माझा. त्यातल्या लाल चौकटीही
मीच रंगवलेल्या, आदल्या रात्री, जेवता जेवता.
नऊजण होतो टेबलाभोवती. नऊही होयबा.

हिलरी ओल्डरॉइड म्हणाल्या, इतकं एकमत बरं नव्हे.
कुणीतरी सैतानाची वकिली करायला हवी,
दहा मिनिटं. नियमच आहे आपला.
बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या.
माझ्या बोटांना आधी चुरा लागला, मग चिठ्ठी.

उभी राहिले. पहिल्यांदा नुसता नन्नाचा पाढा,
मग हळूहळू सापडत गेलं.
नवा तलाव साडेसहा मैलांवर.
तिकडून परतीची शेवटची बस आठ चाळीसला,
आणि बायकांचा मंगळवारचा तास सुटतो नऊला.
पन्नाशी उलटल्यावर कडेची दांडी धरून
जी पहिल्यांदा पाण्यावर आडवी झाली
आणि बुडाली नाही,
ती बाई कुठल्या रकान्यात मांडली आहे,
असं मी मलाच विचारलं, सगळ्यांदेखत.
डेरेक हॅगसनं पेन खाली ठेवलं.
आठव्या मिनिटाला माझा घसा दाटला
आणि मनात आलं, वा, जमतंय.

टाळ्या पडल्या. अगदी मनापासून.
डेरेक म्हणाला, क्षणभर पाचावर धारण बसली आमची
(म्हणजे त्याच्या भाषेत जे काही म्हणतात ते).
मग चहा.

मग भिंतीलगतच्या खुर्चीवरून नसीम अख्तर उठली.
तिकीटखिडकीवर बसते ती, आणि मंगळवारी शिकवते.
तिच्याकडे कागद नव्हता.
बस म्हणाली, नऊ म्हणाली, एका बाईचं नाव घेतलं,
पुन्हा बस म्हणाली. आवाज कापत होता,
आणि तिला तो कापायला नको होता.
हिलरींनी घड्याळ पाहिलं, प्रेमानंच पाहिलं :
ही बाजू आपण आत्ताच ऐकली ना?
किती सुंदर मांडली होती.

ऐकली होती.
इतिवृत्तात तसं आलंही :
विरोधी बाजूचा साकल्याने विचार झाला.
पोच मी दिली होती, सहीशिक्क्यानिशी,
माल तिचा होता.

मतदान. नऊ हात.
नववा जरा उशिरा वर गेला, पण गेला.
तो उशीर कुठे नोंदवत नाहीत.

वडील फलटणच्या कोर्टात कारकून होते.
म्हणायचे, वकील कुणाचंही होता येतं गं,
साक्षीला मात्र स्वतःलाच उभं राहावं लागतं.
तेव्हा मला वाटायचं, हे कोर्टाबद्दल आहे.

बसथांब्यावर दोघीच. बारीक, आडवा पाऊस.
नसीमनं पिशवीतला टॉवेल डोक्यावर घेतला,
त्याला क्लोरीनचा वास होता.
फार छान बोललीस, ती म्हणाली.
मला वाटलं, तुला खरंच तसं वाटतंय.

मी काहीतरी म्हणणार होते.
माझी बस आधी आली.
घरी आल्यावर कोटाच्या खिशात बिस्किटाचा चुरा मिळाला
आणि घडी घातलेला, माझ्याच अक्षरातला शब्द :
विरोधात.
चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या. आठ कोऱ्या, एक ही.
तक्ता अजून उघडाच होता टेबलावर.
मंगळवारचा रकाना शोधला.
होता. त्याचा रंगही लालच,
आणि ब्रशसारखा फिरलेला माझा हात
त्याच्यावर कुठेच थांबलेला दिसत नव्हता.